जनवकिली की लायझन? दोन ऑफर हातात, सल्ला हवा (नागपूर)

संत्रा_गोळी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय.

वय २७, नागपूरचीच. एलएलबी झालं, मग दोन वर्षं जिल्हा न्यायालयात एका सिनिअरांकडे होते. तारखा घेणं, वकालतनामे भरणं आणि सरांचा डबा कुठे राहिला ते शोधणं, यात ती दोन वर्षं गेली. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय.

पहिली जागा विदर्भात मानवी हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत. पदाचं नाव अ‍ॅडव्होकसी अधिकारी, म्हणजे जनवकिली. वनहक्काचे (जंगलजमिनीवरच्या हक्काचे) दावे, सफाई कामगार, कोठडीतल्या मारहाणीच्या तक्रारी असं बरंच काही. महिना २६ हजार, प्रकल्प दोन वर्षांचा, पुढचं पुढे.

दुसरी एका खाणवाल्या कंपनीत, 'गव्हर्नमेंट रिलेशन्स', म्हणजे सरकारी कचेऱ्यांशी संपर्क ठेवायचं लायझनचं काम. ५२ हजार, विमा, फिरायला गाडी. मुलाखतीत विचारलं, मंत्रालयात ओळख कोणाशी आहे? म्हटलं कोणाशीच नाही. तरी घेतायत.

बाबा म्हणतात यात विचार काय करायचा. आई म्हणते पहिलीत पोलिसांशी वाकडं होईल. मला खरं सांगायचं तर हेच कळत नाही की ही कामं करतात कशी. सकाळी दहाला टेबलाशी बसल्यावर माणूस करतो काय? कोणी यातलं असेल तर सांगा.

टेकडीचा_भक्त

५२ हजार आणि गाडी. संपला धागा.

मोहफूल

टेकडीचा_भक्त, जरा थांबा हो.

संत्रा_गोळी, मी १८ वर्षं पहिल्या बाजूला आहे. आधी गडचिरोलीत, आता नागपुरातून. दहाला टेबलाशी बसल्यावर वाचतात. कायदा, नियम, शासन निर्णय, फेटाळलेले अर्ज. दुपारी कोणत्यातरी कचेरीत आवक टेबलापुढे उभं राहून पोच घेतात. संध्याकाळी फोन.

एक प्रसंग सांगते. २०१९ चा फेब्रुवारी. १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून हटवा. गावागावांतून फोन सुरू. २८ तारखेला न्यायालयानेच तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का? आमचं काम तिथून सुरू झालं, आणि ते सगळं कपाटातलं होतं. एका तालुक्यातले फेटाळलेले दावे बघायला मिळाले. शेकड्यावर कागद, आणि शेऱ्यात तीच एक ओळ: 'पुरावा अपुरा'. आता वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १३ काढून वाचा. पुराव्यांची लांब यादी आहे, त्यातले एकाहून जास्त हवेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हासुद्धा त्यात धरतात. तो जबाब कित्येक अर्जांना मागून लावलेला होता. टाचणी गंजून कागदाला चिकटलेली, म्हणजे लावल्यापासून तो कोणी उलटलाच नव्हता. सहा महिने आम्ही फक्त टाचण्या काढून जबाब नोंदवहीत उतरवत होतो. बोटांना धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. २००६ च्या त्या वनहक्क कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम. आम्ही वर्षानुवर्षं खात्याला निवेदनं देत होतो की वर अपील हवं, आणि खातं म्हणत होतं, कायदा केंद्राचा, आम्ही काय करणार. मे २०२० मध्ये राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात विभागीय पातळीवरच्या समितीकडे अपिलाची वाट झाली. राज्यपालांच्या सहीने केंद्राच्या कायद्यात बदल होऊ शकतो हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं चुकीच्या दारात बसलो होतो. तेव्हापासून कोणी नवीन मुलगी कामाला आली की मी पहिल्या दिवशी एकच विचारते: हे बदलायची लेखणी कोणाच्या हातात आहे?

निवृत्त_कक्षाधिकारी

मोहफूल यांचा लेखणीचा मुद्दा आवडला. मी ३१ वर्षे मंत्रालयात काढली, आता त्रिमूर्तीनगरात नातवंडे सांभाळतो. टेबलाच्या पलीकडून कसे दिसते ते सांगतो, कारण या मुलांना ते कोणी सांगत नाही.

आपण मंत्रिमहोदयांना निवेदन देता, फोटो काढता, निघून जाता. निवेदनाच्या कोपऱ्यात शेरा पडतो: 'तपासून सादर करावे'. असे चाळीस कागद आठवड्याला कक्षात येतात. मी उघडतो. चार पाने इतिहास, दीड पान अन्याय, आणि शेवटी मागणी: 'तरी न्याय मिळावा ही विनंती.' आता मी टिपणीत काय लिहू? 'न्याय देण्यास हरकत नाही' असे लिहू काय? कागद दप्तरी जातो. अधिकारी नालायक आहे असे आपण म्हणता. कधी असतोही. पण बरेचदा त्याला मागणीच सापडलेली नसते.

एक मुलगी येत असे, कोणत्या संस्थेची ते सांगत नाही. एकच पान आणायची. वर विषय, खाली मूळ शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, मग 'परिच्छेद ४ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द वाचावेत.' बस्स. मी तिची दोन वाक्ये जशीच्या तशी टिपणीत घेतली, अवर सचिवांनी एक शब्द बदलला, पाच महिन्यांत शुद्धिपत्रक निघाले. तिला हे मी कधी बोललो नाही. बोलायचे नसते.

शासन निर्णय वाचायची रीतही सांगतो. क्रमांकाच्या शेवटी 'प्र.क्र.' आणि त्यानंतर तिरप्या रेघेपुढे कार्यासनाची खूण असते. ते टेबल. इमारतीत शिरण्याआधी ते माहीत असावे, नाहीतर सातव्या मजल्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून पाचव्यावर दिवस जातो. मग शेवटून वाचावे. खर्चाचा विषय असेल तर 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक' अशी ओळ आहे का? लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या सदराखाली टाकायचा तो क्रमांक, दिले आहे का? दोन्ही नसतील तर मथळा कितीही गोड असो, त्यात पैसा नाही. वर्तमानपत्रे मथळा छापतात.

तर्री_जास्त

काका, लय भारी सांगून राहिले तुम्ही. पण एक विचारू काय? त्या पोरीले तुमच्या टेबलापर्यंत येऊ कोणं देलं? बाहीर दहा हजार लोकं बसले नसते तं तिले खुर्ची देली असती काय तुम्ही? पाण्याचा गिलास तं सोडाच.

मी पंधरा वर्सं झाले हिवाळी अधिवेशनात मोर्च्यात चालून राहिलो. यशवंत स्टेडियम, मॉरिस कॉलेजचा टी पॉइंट, टेकडी रोड, सारं पाठ हाय. १९५३ च्या नागपूर करारात लिहिलं होतं म्हणून वर्सातून एकडाव सरकार आमच्या दारी येते. तेवढेच दिवस आमाले भेटते. अन् तुम्ही म्हणता एक पान आणा. गोवारी समाजाचे लोकं मोर्चा घेऊन आले, ते काय पान आणाले गेले होते? २३ नोव्हेंबर १९९४. चेंगराचेंगरीत ११४ लोकं गेले राजेहो. लेकरं, बाया.

निवृत्त_कक्षाधिकारी

तर्री_जास्त, त्या दिवशी मी अधिवेशनाच्या ड्युटीवर नागपुरातच होतो. संध्याकाळी त्या रस्त्यावर पडलेल्या चपला मी पाहिल्या आहेत. त्यावर वाद घालणार नाही.

मोर्चा नसता तर खुर्ची मिळाली नसती, हेही मान्य. लिहिताना माझ्याकडून ते सुटले.

पण विषय निघालाच आहे तर एक सांगू द्या. अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद होती 'गोंड गोवारी'. समाजाचे म्हणणे, ते आम्हीच. ती यादी बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३४२ प्रमाणे संसदेला आहे. राज्य शासन शिफारस करू शकते, यादीत एक अक्षर घालू शकत नाही, गाळू शकत नाही. त्या लोकांनी ज्या इमारतीसमोर प्राण सोडले तिच्यात त्यांची मागणी पूर्ण करणारी लेखणी नव्हती. हे त्यांना समजावून सांगायला त्या दिवशी कोणी बाहेर आले असते तरी... असो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

तर्री_जास्त

हे मले अर्धंच माहीत होतं. उड्डाणपुलाले शहीद गोवारी नाव देलं, त्याच्यावरून रोज गाडी जाते माही.

सावजी_मुंबईत

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, ११ वर्षं कंपन्यांच्या 'पब्लिक अफेअर्स'मध्ये आहे. इथे सगळे पहिल्या बाजूचे दिसतात, म्हणून दुसरीबद्दल.

संत्रा_गोळी, या पदाच्या नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक खरंच धोरणाचं. मसुदा अधिसूचना आली की हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत कंपनीचं म्हणणं लिहून द्यायचं, सभागृहात कंपनीवर तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा) लागला की खात्याला वेळेत माहिती पुरवायची, परवान्यांच्या तारखा सांभाळायच्या. मोहफूल करतात त्यातलं निम्मं काम हेच, फक्त पगार देणारा वेगळा. दुसरं काम म्हणजे जुनं लायझन. साहेबांच्या मुलीच्या लग्नाला कोण जाणार, दिवाळीला कोणाला काय.

मी पहिल्या नोकरीत तिसऱ्या आठवड्यात एक बंद पाकीट घेऊन एका कचेरीत गेलो होतो. 'कागद आहेत' असं सांगितलं होतं. लिफ्टमध्ये हाताला कळलं की कागद नाहीत. २४ वर्षांचा होतो, देऊन आलो. रात्री धंतोलीत मित्राच्या खोलीवर झोपलोच नाही. पुढच्या महिन्यात सोडली नोकरी. आता तर लक्षात ठेव, २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात देणाराही थेट आरोपी आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, कंपनीवर वेगळं कलम आहे. आणि पाकीट नेणारं पोर नेहमी सगळ्यात खालच्या पगाराचं असतं.

म्हणून त्यांना फोन करून विचार: माझा वरिष्ठ कोण? कायदा विभागाचा प्रमुख की खाणीचा मॅनेजर? मला रोख अग्रिम मिळणार का, आणि त्याची बिलं द्यायची का? 'बिलाचं काही टेन्शन नाही' असं म्हणाले तर तू स्वतः टेन्शन घे.

खाण म्हटलीस म्हणून आणखी एक. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी असते, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी जाहीर करावी लागते. तिथे मांडवात एका बाजूला तू बसशील, समोर गाव. मोहफूलसारखं कोणीतरी माईक हातात घेऊन उभं असेल. ते जमणार असेल तर जा, त्यात पाप नाही. कंपनीत आत बसून पुनर्वसनाच्या यादीत सुटलेली नावं घालणारी माणसंही मी पाहिलीत. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना, वरच्या १०००, आता शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अहवालात मानवी हक्कांवर लिहावंच लागतं. ते लिहायला कायदा कळणारं माणूस लागतं. पण तुला त्या कामाला घेतायत का, ते लेखी विचार.

प्रकल्प_संपला

२६ हजारांबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

मी एका छोट्या संस्थेत होते, चार जिल्हे, नऊ माणसं. आमचा पैसा एका मोठ्या संस्थेमार्फत बाहेरून यायचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली: एका संस्थेने दुसरीला तो पैसा द्यायला बंदी, प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० वर, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत. जानेवारीत नऊपैकी सहा जण घरी. त्यात मी. कोणाचं काही चुकलं नव्हतं, सगळ्यांची कामं अर्धी राहिली. एका बाईची पोलिसांविरुद्धची तक्रार माझ्याकडे होती, ती पुढे कोणी चालवली मला अजून माहीत नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेला पैसा या कामाला येईल अशा आशेवर राहू नको. शाळेच्या संडासाला येतो, संडास साफ करणाऱ्याच्या हक्काला येत नाही.

तेव्हा संस्थेला विचार: पगार कुठल्या खात्यातून? दोन वर्षांतलं किती आलंय आणि किती 'येणार आहे'? विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती.

वर्धमाननगरची_आई

मुली, तुझ्या आईचं मी समजू शकते. माझी लेक याच कामात आहे. पोलिस ठाण्यात एकटी जात नाही, संध्याकाळी सातनंतर जात नाही, जाताना कोणाला तरी सांगून जाते. हे नियम तिच्या संस्थेने घातलेत, मी नाही. तुझ्या संस्थेचे असे नियम आहेत का ते विचार. आणि सनदेचं (वकिलीच्या परवान्याचं) बार कौन्सिलला विचारून घे, पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली चालू ठेवता येत नाही.

संत्रा_गोळी

सगळ्यांचे खूप आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं.

दोन शंका. मानवी हक्कांचा वेगळा डिप्लोमा किंवा एलएलएम करू का? आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रारी करण्याचा खरंच उपयोग होतो? कॉलेजात शिकलो तेव्हा वाटलं होतं आयोग म्हणजे कोर्टच.

मोहफूल

डिप्लोमा नंतर. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बस, तिथे येणारी माणसं बघ. शहराबाहेर वारंग्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथल्या खुल्या व्याख्यानांना जा. राष्ट्रीय आयोग विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देतो, ते मात्र तुझ्या हातून गेलं.

आयोग कोर्ट नाही. १९९३ च्या कायद्याने तो चौकशी करतो, साक्षीदार बोलावतो, नुकसानभरपाईची शिफारस करतो. अंमल सरकारने करायचा. दात कमी आहेत हे खरं. राष्ट्रीय आयोगाचं आंतरराष्ट्रीय मानांकनही २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ लांबणीवर पडलं होतं. तरी मी तक्रार करते, कारण फी नाही, आणि आयोगाची नोटीस गेली की खालच्या कचेरीत कोणालातरी सही करून उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पुढे कोर्टात कामाला येतं.

यात माझी एक चूक सांगते, फार जवळच्यांनाच माहीत आहे. एका मुलाला चौकीत मारलं होतं. मी वाट बघत बसले की आधी वैद्यकीय कागद पूर्ण येऊ देत, मग माहिती अधिकारात स्टेशन डायरी येऊ दे, फाइल भक्कम करू. घटनेपासून एक वर्षानंतर आयोग चौकशी करू शकत नाही, कलम ३६. मला हे पाठ होतं. तक्रार टाकली तेव्हा एक वर्ष आणि १९ दिवस झाले होते. त्याच्या आईने विचारलं, ताई, आता पुढे काय? अर्धवट कागदांनिशी वेळेत टाकावं, बाकीचे मागून जोडता येतात. हे मी तिच्या पोराच्या जिवावर शिकले.

निवृत्त_कक्षाधिकारी

संत्रा_गोळी, सल्ले पुष्कळ झाले. एक गृहपाठ देतो. पहिल्या संस्थेच्या विषयांपैकी एक घ्या. त्यावरील कोणताही एक शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढा आणि टेबल कोणते, पैसा आहे का, एवढेच इथे लिहा. रस वाटला तर नोकरी कोणती घ्यायची ते तुमचे तुम्हालाच कळेल. कंटाळा आला तरी कळेल.

टेकडीचा_भक्त

काकांनी परीक्षाच घेतली.

संत्रा_गोळी

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा.

कंपनीला फोन केला. वरिष्ठ म्हणजे खाणीचा मॅनेजर. रोख अग्रिम आहे. बिलाचं विचारलं तर समोरचे हसले.

संस्थेला विचारलं. पगार देशी देणग्यांच्या खात्यातून, १४ महिन्यांचा पैसा आलेला आहे, बाकीचा यायचाय. एकटीने ठाण्यात जायचं नाही हा नियम आहे, लेखी. मी २८ मागितले, २८ दिले. पहिली घेतेय. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, काल म्हणाले, गावांना जाणार तर हेल्मेट नीट घे, तुझं ते फुटकं आहे.

काका, गृहपाठ. सफाई कामगारांचा विषय घेतला. मॅनहोलमधल्या मृत्यूला भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली, हे आधी वाचलं. मग सुरक्षा साधनांबद्दलचा एक जुना निर्णय रात्री दीडपर्यंत उलटसुलट वाचला. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' पर्यंत. कार्यासनाची खूण सापडली, नगरविकासमधलं टेबल आहे. खर्च स्थानिक संस्थांनी 'स्वनिधीतून करावा' असं लिहिलंय. वित्त विभागाची ओळ नाही, लेखाशीर्ष नाही.

निवृत्त_कक्षाधिकारी

बरोबर. 'स्वनिधीतून करावा' म्हणजे कोणी करू नये. आता कोणाकडे जाल?

संत्रा_गोळी

वित्त विभागाकडे?

निवृत्त_कक्षाधिकारी

वित्त विभाग आपल्याला दारात उभे करणार नाही. प्रस्ताव नगरविकासकडूनच गेला पाहिजे. पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या) डिसेंबरात सभागृहात येतात, म्हणजे कक्षातली टिपणी त्याच्या कितीतरी आधी वर जायला हवी. एक पान. सोबत आमदारांचा तारांकित प्रश्न लागला तर उत्तम, प्रश्नाला तारीख असते, निवेदनाला नसते. आणि मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटले तर ते आश्वासन समितीकडे नोंदले जाते, तो कागद जपून ठेवा. मसुदा लिहा, मला दाखवा, लाल शाई माझ्याकडे अजून आहे.

तर्री_जास्त

अन् ताई, डिसेंबरात सफाई कामगारांचा मोर्चा निघन तं सांगजो. पान तुम्ही आणा, माणसं मी आणतो. चहा यशवंत स्टेडियमच्या बाहीर, पैसे काका देतीन.